उन्हाच्या नकाशातल्या कोऱ्या जागा

मधुवंतीनं नागपूरच्या उन्हाचा पहिला नकाशा काढला, तेव्हा शहराच्या पूर्वेला एक थंड हवेचं ठिकाण उगवलं.

बाकी सगळं शहर लाल-केशरी, तापून निघालेलं. आणि तिकडे नाल्याच्या दोन्ही अंगांना पसरलेला निळा-हिरवा गारेगार डाग. सुशील चहाचा कप घेऊन तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला, चष्मा कपाळावर सरकवून त्यानं स्क्रीनकडे निरखून पाहिलं आणि म्हणाला, "बाप्पा! चिखलदरा इथंच होता, अन् आपण उगाच बसनं तिकडं जाऊन राहिलो!"

ऑफिसात हसू फुटलं. मधुवंतीही हसली, पण तिचे कान लाल झाले. नकाशा दिसत सुंदर होता, हे तिला मनातल्या मनात ठाऊक होतं. रंग एकातून दुसऱ्यात असे अलगद उतरत होते की फ्रेम करून भिंतीवर लावावा. नेमकी तीच पंचाईत होती.

ऑफिस म्हणजे धंतोलीतल्या एका बंगल्याचा वरचा मजला. 'ऊनसावली' नावाची छोटी संस्था तिथून चालायची. काम एकच. उन्हाळ्यात दिवसभर रस्त्यावर राबणाऱ्या लोकांसाठी, रिक्षावाले, भाजीवाल्या, हमाल यांच्यासाठी, सावलीचे मांडव घालायचे. मांडवात बाक, माठ आणि एक भला मोठा कूलर. आजवर मांडव कुठं पडायचा? तर जिथं कुणाच्या ओळखीची मोकळी जागा असेल तिथं. संस्थेच्या प्रमुख सुहासिनीताई शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. यंदा त्यांनी ठरवलं की असा कारभार पुरे. मांडव पडेल तो जिथं खरोखर ऊन जास्त आहे तिथंच. म्हणून सुशीलनं हिवाळा संपता संपता शहरभर लोकांच्या गच्च्यांवर सेन्सर बसवले. पांढऱ्या झडपांचा एक छोटा डबा, आत तापमान मोजणारं यंत्र, डबा उंच दांडीवर अशा बेतानं की ऊन थेट लागू नये आणि वारा खेळत राहावा. सुशील मूळचा खापा गावचा, हाताचा कसबी. प्रत्येक डबा त्यानं स्वतः उभा राहून बसवला होता आणि त्यांच्याबद्दल तो पोटच्या लेकरांसारखा बोलायचा.

आकडे यायला लागले आणि नकाशा काढायचं काम मधुवंतीकडे आलं. शहराच्या महाल भागात वाढलेली, संख्याशास्त्र शिकलेली, बोलायला थोडी बुजरी आणि कामात हट्टी.

प्रश्न दिसायला सोपा होता. शहर एवढं मोठं आणि सेन्सर वीसेक. जिथं सेन्सर आहे तिथलं तापमान माहीत. मधल्या सगळ्या जागांचं आजूबाजूच्या आकड्यांवरून ताडायचं. पुस्तकात याला अंतर्वेशन असं भारदस्त नाव आहे. ऑफिसात सगळे नुसतं 'मधलं भरणं' म्हणायचे. आणि मधलं भरायच्या रीती अनेक.

पहिला नकाशा स्प्लाइनच्या रीतीचा होता. प्रत्येक आकडा म्हणजे एक खुंटी समजायची, आकडा मोठा तर खुंटी उंच, आणि सगळ्या खुंट्यांच्या डोक्यांवरून रबराची चादर ताणून बसवायची. चादर बसते सुरेख. पण एखादी खुंटी एकदम खाली असली की ती आजूबाजूच्या चार मोहल्ल्यांना सोबत खाली ओढते, आणि एखादी भलतीच उंच असली की शेजारीपाजारी तिच्याबरोबर वर उचलले जातात. आणि इथं अशा दोन खुंट्या होत्या. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, सुरू झालेला, सगळं शहर त्रेचाळीस ते पंचेचाळीसच्या घरात, आणि इतवारीकडच्या एका गच्चीवरचा डबा दुपारी बावन्न सांगत होता. पूर्वेकडच्या एका नर्सरीतला डबा मात्र अडतीसवर खुशाल बसून होता.

दुसऱ्या दिवशी तिनं दुसरी रीत लावली. यात जवळच्या सेन्सरच्या शब्दाला जास्त वजन, लांबच्याच्या शब्दाला कमी. नकाशा निघाला तो असा की प्रत्येक सेन्सरभोवती एकेक गोल ठिपका.

"हा नकाशा आहे का तव्यावरची धिरडी?" सुशील म्हणाला.

तिसरी रीत क्रिगिंगची. ही मधुवंतीची लाडकी. ही रीत आधी आकड्यांकडूनच शिकते की किती अंतरापर्यंत दोन जागांचं ऊन एकमेकांसारखं असतं. मग त्या हिशेबानं मधलं भरते आणि वर आपली खात्री किती तेही सांगते. पण शिकायला आकडे भरपूर लागतात. इथं ते मूठभर, आणि त्यात दोन वेडे. क्रिगिंगनं त्या दोघांचं मनावर घेतलं आणि असा निष्कर्ष काढला की नागपुरात शेजाऱ्याच्या उन्हाचा शेजाऱ्याशी काही संबंध नसतो. मग अख्ख्या शहराला सरासरीचा एकच पिवळट रंग फासून ती मोकळी झाली.

सुहासिनीताईंनी तिन्ही नकाशे टेबलावर पसरवले आणि एका झटक्यात पहिल्यावर बोट ठेवलं. "हा. छान दिसतो, लोकांना कळतो. शनिवारी सकाळी सभा आहे, मोठा छापून लावू."

"पण ताई, तो चूक आहे," मधुवंती म्हणाली. "ते दोन आकडे सगळं बिघडवतात."

"मग ते दोन काढून टाक."

"कारण काय सांगू?"

"बाकीच्यांपेक्षा इतके वेगळे आहेत, हे कारण पुरत नाही?"

मधुवंतीला स्वतःलाच हा मोह दोन दिवस होत होता. एक कळ दाबली की दोन्ही आकडे जाणार आणि तिची लाडकी रीत सुतासारखी सरळ चालणार. "वेगळं ऊन कुठं आहे तेच शोधायला आपण निघालो, ताई," ती सावकाश म्हणाली. "आणि वेगळं सापडलं की तेच काढून टाकायचं म्हणजे काय?"

"काढू नोको वं," सुशील मध्येच तावातावानं बोलला. "माझे डबे खोटं नाही बोलत."

"मग बावन्न खरं मानू?"

सुशीलनं डोकं खाजवलं. "तेवढं खरं नोको मानू. माणसं भाजून निघतील."

"मग जाऊन बघू या," मधुवंती म्हणाली. स्क्रीनपुढे बसून याचा निकाल लागणार नव्हता, एवढं तिला कळून चुकलं होतं. ताईंनी घड्याळाकडे पाहिलं, कॅलेंडरकडे पाहिलं आणि हाताने जा म्हणून खूण केली.

दुपट्टा डोक्याभोवती आणि तोंडाभोवती गुंडाळून, फक्त डोळे उघडे ठेवून, मधुवंती सुशीलच्या स्कूटरवर मागे बसली. रस्ते ओस पडले होते. सिग्नलवरसुद्धा लोक गाडी लांब झाडाखाली थांबवून तिथूनच दिव्याकडे बघत होते.

इतवारीकडची ती गच्ची नानाजींची. नानाजी पोस्टातून निवृत्त झालेले, अंगात बनियन, आणि चेहऱ्यावर अशी कळा की घरात नुकतं कुणीतरी मेरिटमध्ये आलंय.

"या या! पाहिलं ना जी? अख्ख्या नागपुरात आपली गच्ची पहिली! बावन्न! गल्लीत सगळ्यांले सांगून राहिलो मी. तो कोपऱ्यावरचा हार्डवेअरवाला मानतच नव्हता, त्याले मोबाइलवर दाखवलं."

सुशील पायऱ्या चढून वर गेला आणि वरूनच त्यानं हाक मारली, "मधुवंती! लवकर वर ये!"

गच्चीवर दांडी होती, पण तिच्यावर डबा नव्हता. दांडीला एक दोरी बांधून तिच्यावर चादरी वाळत घातल्या होत्या. गच्चीभर साड्या अंथरून त्यांच्यावर मुंगवड्यांच्या, मुगाच्या वड्यांच्या, रांगा पसरलेल्या. आणि डबा? डबा पाण्याच्या टाकीवरच्या टिनाच्या पत्र्यावर आडवा पडला होता, झडपा आकाशाकडे करून.

नानाजींच्या मागोमाग प्रेमिलाबाई पदर डोक्यावर घेऊन वर आल्या. "तो डबा का? मीच ठेवला तिकडं. माझ्या मुंगवड्यांवर सावली पाडून राहिला होता. काही बिघडलं का जी?"

"कधी ठेवला, मावशी?" मधुवंतीनं विचारलं.

"वड्या घालाले घेतल्या तेव्हाच की. नवतपा लागला त्याच दिवशी."

सुशीलनं डबा उचलला आणि चटका बसून पुन्हा खाली ठेवला. मग पदराचं टोक पुढे करून प्रेमिलाबाईंनीच तो उचलून दिला. नानाजी हे सगळं बघत होते आणि त्यांचा चेहरा हळूहळू उतरत होता. "म्हणजे बावन्न... पत्र्याचं?"

"पत्र्याचं, नानाजी," मधुवंती म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं आणि वाईटही वाटत होतं.

"मग खरं किती?"

"दांडीवर लावल्यावर कळेल. चव्वेचाळीस तरी असेलच."

"चव्वेचाळीस म्हणजे कितवा नंबर?" त्यांनी विचारलं, आणि प्रेमिलाबाई म्हणाल्या, "आता गप राहा ना जी, हार्डवेअरवाल्याले मी सांगते." मग दोघांना खाली नेऊन त्यांनी कैरीचं पन्हं पाजलं, आणि डब्याला दांडी कायमची मिळाली; चादरींसाठी सुशीलनं पलीकडे दुसरी दोरी बांधून दिली.

एका वेड्या आकड्याचा निकाल लागला. नर्सरीकडे जाताना सुशील वाटेत बडबडत होता, "तिथंही असंच असंल पाह्य. कोणी तरी डबा कूलरसमोर ठेवला असंल." मधुवंतीलाही तसंच वाटत होतं.

नर्सरी जुन्या संत्र्याच्या बागेच्या जागेवर होती. फाटकातून आत शिरल्यावर तिनं दुपट्टा सोडला, कारण सोडावासा वाटला. चिंचेची चार प्रचंड झाडं, पलीकडे कडुनिंबांची रांग, मध्ये विहीर, आणि हिरव्या जाळीखाली हजारो रोपांवर बारीक फवारा उडत होता. डबा सुशीलनं बसवला होता तिथंच, तसाच, दांडीवर ताठ. जवळपास कूलर नाही, बर्फ नाही, काही नाही. मधुवंतीनं पिशवीतून हातातला थर्मामीटर काढला आणि डब्याशेजारी धरून उभी राहिली. आकडा उतरत उतरत अडतीसवर येऊन थांबला.

"खरं बोलून राहिला डबा!" सुशीलनं दांडीला शाबासकीची थाप मारली.

नर्सरीचे मालक विक्रमभाऊ पाण्याचा तांब्या घेऊन आले. "अर्धा मोहल्ला दुपारी इथंच झोपायले येते," ते म्हणाले. खरंच चिंचेखाली चारपाच माणसं तोंडावर गमछा घेऊन गाढ झोपली होती.

म्हणजे हा आकडा काढायचा नव्हता. तो खरा होता. पण मग तिचा निळा डागही खरा म्हणायचा का? मधुवंतीला एकदम नवाच प्रश्न पडला. हा गारवा जातो कुठवर? "सुशील, स्कूटर हळू चालव," ती म्हणाली. "प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी थांब. सावली शोधून मोजायचं."

पहिल्या गल्लीत चाळीस. दुसरीत बेचाळीस. तिसऱ्या गल्लीपासून शहराचं नेहमीचं ऊन सुरू झालं. मग नाल्यावरचा छोटा पूल लागला, आणि पलीकडे बस्ती. पूल ओलांडताना वारा तोंडावर आला तो असा की कुणी भट्टीचं दार उघडलं असावं. एकाला एक लागून घरं, सगळ्यांवर टिनाचे पत्रे, झाड नावाला नाही. एका घराच्या ओसरीत एक बाई कोळशाची इस्त्री फिरवत होती. शेजारी शर्टांची चळत. तिच्या पत्र्याच्या सावलीत मधुवंतीनं थर्मामीटर धरला. सेहेचाळीस.

"काय मोजून राहिल्या वं बाई?" तिनं इस्त्री बाजूला ठेवत विचारलं. नाव कौशल्या. मधुवंतीनं सांगितलं, उन्हाचा नकाशा काढतोय. "दाखवा ना मंग."

मधुवंतीनं मोबाइलवर नकाशा उघडला. ती उभी होती ती जागा बरोबर निळ्या डागाच्या आत होती.

"हे आमचं घर का? निळं म्हणजे काय?"

"निळं म्हणजे... थंड."

कौशल्या आधी तिच्याकडे बघत राहिली. मग ती हसायला लागली. पदर तोंडाला लावून, भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "अवं दामिनी! बाहेर ये वं! पाह्य, आपण थंड्या जागेत राहून राहिलो! सरकारी नकाशात लिहून आलं!"

"सरकारी नाही, आमचाच आहे," मधुवंती ओशाळून म्हणाली, पण शेजारच्या दारातून दामिनी आली, तिच्यामागून आणखी दोघी आल्या, आणि चौघींनी मिळून तो नकाशा इतका साजरा केला की मधुवंतीलाही हसू आलं. कुणी म्हणालं स्वेटर काढा, कुणी म्हणालं शेकोटी पेटवा.

"बरं, नकाशाचं करता काय?" हसू ओसरल्यावर कौशल्यानं विचारलं.

"जिथं लाल आहे तिथं सावलीचे मांडव घालणार. कूलर, पाणी, बसायला बाक."

कौशल्याचं हसू विरलं. तिनं इस्त्री उचलली, कोळशावर फुंकर मारली. "म्हणजे आमच्याइकडं नाही," ती म्हणाली. रागानं नाही, हवामान सांगावं तसं म्हणाली.

परतताना स्कूटरवर मधुवंतीच्या डोक्यात तोच हिशेब फिरत होता. अडतीसचा आकडा खरा होता, तिची रीतही पुस्तकातल्यासारखीच चालली होती, आणि तरी दोघांनी मिळून एका बस्तीचा मांडव जवळजवळ हिरावून घेतला होता. ऑफिसात शिरल्या शिरल्या तिनं दुपट्टा खुर्चीवर टाकला आणि कामाला बसली.

नानाजींच्या डब्याचे पत्र्यावरच्या दिवसांतले आकडे तिनं वगळले. आता कारण सांगता येत होतं. नर्सरीचा आकडा ठेवला. मग तिनं उपग्रहाचं चित्र घेतलं. त्यात कुठं झाडं, कुठं टिनाचे पत्रे, कुठं सिमेंट, हे शहरभर दिसत होतं. तिची चौथी रीत दोन पायऱ्यांची होती. आधी झाडं आणि पत्रे बघून प्रत्येक जागेचं एक मूळ तापमान ठरवायचं, आणि ते ठरवताना सरासरीऐवजी मधला आकडा धरायचा, म्हणजे एखादा टोकाचा आकडा सगळ्यांना आपल्याकडे ओढू शकणार नाही. मग सेन्सरचा आकडा त्या मूळ तापमानाहून जेवढा वेगळा निघेल, तेवढा फरक फक्त जवळपासच्या गल्ल्यांना थोडा थोडा वाटून द्यायचा, आणि ठरावीक अंतरापुढे थांबायचं. असं केल्यावर नर्सरीचा आकडा वेडा राहिलाच नाही. एवढी झाडं आणि एवढं पाणी असलेल्या जागेचं तापमान असंच असायला हवं होतं, आणि पत्र्यांच्या बस्तीशी त्याचं काही देणंघेणं उरलं नाही.

सुहासिनीताईंना हे पटवायचं कसं? "ताई, आपण चारही रीतींची परीक्षा घेऊ," मधुवंती म्हणाली.

परीक्षा म्हटल्यावर ताईंनी खुर्ची पुढे ओढली. "घे. पेपर कसा आहे?"

"एक सेन्सर लपवायचा. बाकीच्यांवरून त्याच्या जागेचं तापमान किती ते रीतीनं सांगायचं. मग झाकलेला आकडा उघडून किती चुकलं ते बघायचं. असं प्रत्येक सेन्सरचं. आणि आज गल्ल्यांमधून मोजून आणलेले आकडे तर एकाही रीतीनं पाहिलेले नाहीत. तो बाहेरून आलेला पेपर."

ताईंना एवढी मजा कित्येक दिवसांत आली नव्हती. त्यांनी फळ्यावर चार रकाने आखले. सुशील एकेक सेन्सरचं नाव पुकारी, मधुवंती चारी रीतींचे अंदाज वाचून दाखवी, आणि ताई खरा आकडा उघडून खडूनं चूक मांडत. "धिरडीवाली बरी चालली आहे," मध्येच त्या म्हणत, किंवा "ही तुझी क्रिगिंग सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर लिहिते गं, अशी पोरं असायची माझ्या वर्गात." स्प्लाइन सुरुवातीला पुढे होती. मग गल्ल्यांचा पेपर आला. नाल्यापलीकडच्या बस्तीत स्प्लाइननं एकोणचाळीस लिहिलं. चौथ्या रीतीनं लिहिलं साडेपंचेचाळीस. थर्मामीटरनं सांगितलं होतं सेहेचाळीस.

ताईंनी खडू खाली ठेवला. आपण सभेसाठी निवडलेला नकाशा त्यांनी उचलून एकदा नीट पाहिला आणि उलटा करून ठेवला. "चौथी," त्या म्हणाल्या. "पण हे काय? या नकाशात मधेमधे आडव्या रेघा कसल्या मारल्यास?"

"तिथं जवळपास एकही सेन्सर नाही. फक्त झाडं-पत्र्यांवरून अंदाज आहे. जिथं तोही नीट बसत नाही तिथं कोरं ठेवलंय."

"कोरं? सभेत? लोक म्हणतील काम अर्धवट केलं."

"अर्धवटच आहे, ताई."

ताईंनी त्या रेघांवरून एकदा बोट फिरवलं. सुशीलनं उगाच फळा पुसायला घेतला. अखेर त्या म्हणाल्या, "बरं. तसाच लाव. पण सभेत उभं राहून ते कोरं तूच समजावून सांगायचं. मी नाही."

ही शिक्षा मोठी होती. चार माणसांपुढे बोलायचं म्हटलं की मधुवंती अडखळे. शुक्रवारी तिनं घरी आरशापुढे तीनदा सुरुवात केली आणि तिन्ही वेळा वेगळीच वाक्यं तोंडातून आली.

शनिवारी सकाळी सभागृह भरलं. गच्च्यांचे मालक, मांडवाला हातभार लावणारे, मोहल्ल्यांतली मंडळी. पहिल्या रांगेत नानाजी आणि प्रेमिलाबाई. मागे भिंतीशी कौशल्या आणि दामिनी, ज्यांना सुशील स्वतः बोलावून आला होता. मधुवंतीनं नकाशापुढे उभं राहून सुरुवात केली, अडखळली, पुन्हा सुरुवात केली. लाल म्हणजे काय, रेघा म्हणजे काय, पहिला मांडव नाल्यापलीकडच्या बस्तीत पडणार, इथंपर्यंत ती कशीबशी आली. "आणि जिथं कोरं आहे," ती म्हणाली, "तिथलं आम्हाला माहीत नाही."

मधल्या रांगेतून मानेवाड्याकडचे एक गृहस्थ उठले. "आमची कॉलनी कोरी काहून?"

"तिकडे आमचा सेन्सर नाही."

"काहून नाही? आमच्याइकडं ऊन पडत नाही का?"

"आमचंही कोरंच आहे!" दुसऱ्या कोपऱ्यातून आवाज आला. "पारडीचं पाहा, सगळं पांढरं!"

"गच्ची देतो ना मी! उद्या या अन् लावा!"

"माझी गच्ची त्याच्यापेक्षा उंच आहे."

"उंच असून काय करता? शेजारी मोबाइल टॉवर आहे तुमच्या!"

बघता बघता लोक नकाशाभोवती गोळा झाले. जो तो बोट ठेवून आपलं घर शोधू लागला, आणि कोऱ्या जागेत सापडलं की जणू लग्नाच्या पत्रिकेतून नाव गळलं असा चिडू लागला. मधुवंतीचं अडखळणं कधी थांबलं ते तिला कळलंच नाही. गच्ची कशी हवी, डबा कुठं ठेवायचा आणि कुठं अजिबात ठेवायचा नाही, हे ती मोठ्यानं सांगत होती. पत्र्याचा उल्लेख आला तेव्हा प्रेमिलाबाईंनी मागं वळून सगळ्यांना बजावलं, "वड्यांच्या आड आला तरी हलवाचा नाही जी!"

एकानं नेमका प्रश्न विचारला. "हे नाल्यापलीकडं लालवर रेघा आहेत. म्हणजे तुम्हाले खात्री नाही. मग पहिला मांडव तिथंच कसा?"

मधुवंतीनं सुहासिनीताईंकडे पाहिलं. ताई दुसरीकडे बघत होत्या. "खात्री नाही म्हणजे सव्वाचव्वेचाळीस ते साडेसत्तेचाळीसमध्ये काहीही असू शकतं," मधुवंती म्हणाली. "त्यातला कमीत कमी आकडा धरला तरी ती जागा शहरातल्या बहुतेक गच्च्यांपेक्षा गरमच आहे. जास्तीत जास्त धरला तर तिथं मांडव कधीच पडायला हवा होता."

विचारणारा मान हलवून खाली बसला. मागच्या भिंतीपाशी दामिनीनं कौशल्याला कोपर मारलं. सभा संपल्यावर कौशल्या थेट सुशीलकडे गेली. "तुमचा तो डबा आमच्या घरावर लावता का? पत्र्यावर नाही ठेवणार, वचन देते. बांबू मी देते."

सुशीलला पुढचा आठवडा श्वास घ्यायला फुरसत मिळाली नाही. सेन्सर कमी पडले, तर त्यानं नवीन डबे स्वतः बनवायला घेतले. कौशल्याच्या घराशेजारी बांबू उभा राहिला तेव्हा अर्धी बस्ती बघायला जमली, आणि बांबू सरळ आहे की तिरपा यावर तिथंही वाद झाला. ऑफिसात मधुवंती स्क्रीनसमोर बसून होती. दुपारी पहिला आकडा आला. सेहेचाळीस पूर्णांक चार. तिच्या अंदाजापेक्षा जवळजवळ एक अंश जास्त, पण तिनं सांगितलेल्या मर्यादेच्या आत. तिनं टाळी वाजवली आणि नकाशावरच्या तिथल्या रेघा पुसल्या.

"चुकली ना तू एका डिग्रीनं?" सुशील फोनवर म्हणाला.

"हो!" ती इतक्या आनंदानं म्हणाली की पलीकडे तो गोंधळला.

मांडव उभा राहिला त्या दुपारी ती एकटीच बघायला गेली. नाल्याच्या काठी हिरवी जाळी ताणलेली, कूलर घरघरत होता, बाकावर दोन रिक्षावाले पेंगत होते आणि एक भाजीवाली टोपलीवर ओलं फडकं टाकून पाय पसरून बसली होती. कोपऱ्यात कौशल्यानं इस्त्रीचं टेबल आणून मांडलं होतं. कोळसे आत नको असं सुशीलनं तिला बजावलं होतं, म्हणून शेगडी मांडवाबाहेर आणि टेबल मांडवात, अशी तिची येजा चालली होती.

"बसा ना वं बाई," तिनं घडी केलेल्या चादरींची चळत बाकावरून उचलून जागा करून दिली. "घाईत आहे का?"

"नाही," मधुवंती म्हणाली, आणि माठातलं पाणी पिऊन कूलरच्या वाऱ्यात निवांत बसली.